मोझांबिकची यादवी रोमच्या सहीने संपली का? दोन वर्षं छावण्या पाहिलेल्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही मोझांबिकची यादवी निवडली आहे. सोळा वर्षं लढाई चालली, सुमारे 10 लाख माणसं लढाईत, उपासमारीत आणि रोगराईत गेली, आणि 4 ऑक्टोबर 1992 ला रोममध्ये करार झाल्यावर बंदुका शांत झाल्या. तशाच पोर्तुगीज अमलाखालून सुटलेल्या अंगोलात मात्र त्याच सुमारास करार होऊन मोडला आणि तिथली लढाई आणखी दहा वर्षं चालली. हा फरक कशाने पडला, आणि कुणीतरी पूर्ण हरल्याशिवाय यादवी संपू शकते का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी 1993 आणि 1994 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लष्करी निरीक्षक म्हणून मोझांबिकमध्ये होतो. भारताने तिथे निरीक्षकांबरोबरच अभियंत्यांची आणि रसद पुरवठ्याचीही तुकडी पाठवली होती. रोमच्या वाटाघाटींच्या खोलीत मी नव्हतो. मी पाहिलं ते त्यानंतरचं: तंबू, नोंदवह्या, गंजलेल्या बंदुकांचे ढीग आणि रांगेत उभी असलेली तरुण पोरं. त्यामुळे उत्तरात माझा कल त्या बाजूला झुकणार, हे धरून वाचा. दुसरी गोष्ट, एका देशाचा धडा जसाच्या तसा दुसऱ्याला लागू पडत नाही. बंडखोरांकडे पैसा कुठून येतो, शेजारी देशांना काय हवं आहे आणि नेता स्वतःच्या भवितव्याबद्दल काय समजून चालतो, या तीन गोष्टी बदलल्या की हिशेब बदलतो.

तुम्ही विचारता, करार का टिकला. मी प्रश्न थोडा फिरवून घेतो. बंदूक खाली ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस काय खाणार, कुठे झोपणार आणि त्याला कोण मारणार नाही याची खात्री कोण देणार? शिपायासाठी हा प्रश्न आहे आणि शिपायाच्या नेत्यासाठीही तोच आहे. मोझांबिकमध्ये दोघांनाही या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर मिळालं. अंगोलात ते मिळालं नाही. बाकीचं सगळं मला याच्याभोवती फिरताना दिसतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्ही वाचलीच असेल. 25 जून 1975 ला देश स्वतंत्र झाला आणि फ्रेलिमो पक्षाकडे सत्ता आली. शेजारच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सरकारच्या गुप्तहेर खात्याने रेनामो ही संघटना उभी केली, कारण फ्रेलिमो ऱ्होडेशियातल्या स्वातंत्र्यसैनिकांना आसरा देत होती. 1980 मध्ये ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे झालं आणि रेनामोचा सांभाळ दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराकडे गेला. एवढ्यावरून ‘बाहेरच्यांनी लादलेलं युद्ध’ असं लिहून मोकळे होऊ नका. फ्रेलिमोने शेतकऱ्यांना त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीवरून उठवून सामुदायिक गावांत बसवलं, गावोगावच्या पारंपरिक प्रमुखांना, ज्यांना तिथे ‘रेगुलो’ म्हणतात, त्यांना वाळीत टाकलं, विरोधकांना पुनर्शिक्षण छावण्यांत धाडलं. मध्य मोझांबिकमध्ये, सोफाला आणि मानिका प्रांतांत, रेनामोला माणसं मिळाली ती या रागातून. आणि पुष्कळ माणसं राग नसतानाही मिळाली, कारण त्यांना पळवून नेलं गेलं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना पळवून त्यांच्या हातात बंदूक देणं ही रेनामोची रीतच होती. जुलै 1987 मध्ये ओमोइने गावात चारशेहून अधिक माणसं मारली गेली. सरकारी सैन्यातही जबरदस्तीने भरती केलेली पोरं भरपूर होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात जो मुद्दा निसटेल अशी मला भीती वाटते तो सांगतो. 1992 च्या आधी एक करार होऊन गेला होता आणि तो फसला होता. 16 मार्च 1984 ला मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल आणि दक्षिण आफ्रिकेचे बोथा यांनी न्कोमाटी करार केला. तुम्ही रेनामोला मदत बंद करा, आम्ही आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला इथून हालचाली करू देणार नाही, असा तो सौदा होता. हिशेब साधा वाटत होता: नळ बंद केला की टाकी रिकामी होईल. पण 1985 मध्ये गोरोंगोझाच्या डोंगरातला रेनामोचा ‘कासा बनाना’ हा तळ सरकारी आणि झिंबाब्वेच्या सैन्याच्या हाती लागला, तेव्हा सापडलेल्या कागदपत्रांवरून दिसलं की दक्षिण आफ्रिकेचं लष्कर करारानंतरही रेनामोच्या संपर्कात होतं. शिवाय तोवर रेनामो लुटीवर जगायला शिकली होती. दोन देशांच्या प्रमुखांनी सही केली, पण ज्यांच्या हातात बंदुका होत्या ते त्या टेबलापाशी नव्हतेच. दोन वर्षांनी, 19 ऑक्टोबर 1986 ला, माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी इथे कोसळलं. त्या विमानात आपल्या गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हेही होते. माशेल यांचे ते जवळचे सल्लागार. गोव्याच्या वाचकांना हे नाव माहीत असावं असं मला फार वाटतं.

माशेल यांच्यानंतर जुआकिम चिसानो आले. ते धीमे, मोजकं बोलणारे. 1988-89 पर्यंत दोन्ही बाजूंना कळून चुकलं होतं की आपण जिंकणार नाही. सरकार शहरं आणि बंदरं धरून होतं, रेनामो रानात फिरत होती. बेइरा बंदरापासून झिंबाब्वेपर्यंतचा रेल्वेमार्ग आणि तेलाची नळवाहिनी झिंबाब्वेचे हजारो सैनिक राखत होते, तेव्हाच ती चालू राहत होती. पण ‘कुणी जिंकत नाही’ एवढ्याने लढाई थांबत नाही. जिंकत नसतानाही लोक वर्षानुवर्षं लढतात, जोवर लढून पोट भरतं. मोझांबिकमध्ये तेही बंद होत आलं. अंगोलातल्या उनिता या बंडखोर संघटनेसारख्या हिऱ्याच्या खाणी रेनामोकडे नव्हत्या. तिचं राशन म्हणजे शेतकऱ्याच्या घरातला मका. 1991-92 मध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात भयंकर दुष्काळ पडला आणि शेतकऱ्याच्या घरात मकाच उरला नाही. सरकारकडेही सोव्हिएत मदत आटली होती, आणि सरकारी सैनिकांनाही पगार आणि जेवण वेळेवर मिळत नव्हतं. दोन्हीकडचे सैनिक मेटाकुटीला आले होते. मी नंतर ज्यांच्याशी बोललो त्यातले बरेच जण 1992 ची आठवण लढाईने काढत नसत, भुकेने काढत. तिकडे दक्षिण आफ्रिकेत डी क्लार्क यांनी फेब्रुवारी 1990 मध्ये मंडेलांना सोडलं होतं, म्हणजे पाठीराख्याचीही गरज संपत आली होती. फ्रेलिमोने 1989 च्या अधिवेशनात मार्क्सवाद-लेनिनवाद सोडला, 1990 च्या नव्या राज्यघटनेने अनेक पक्षांना परवानगी दिली. रेनामो ज्यासाठी लढतोय असं सांगत होती, त्यातलं बरंचसं तिला बोलणी चालू असतानाच मिळून गेलं.

मग बोलणी झाली कशी? इथे चर्चने मोठं काम केलं. बेइराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस हे त्याच न्दाऊ समाजातले, ज्या समाजातून रेनामोचे नेते आफोन्सो ध्लाकामा आले होते. 1988 मध्ये ते स्वतः रानात जाऊन ध्लाकामांना भेटले. आपल्या बोलीत बोलणारा धर्मगुरू समोर बसला तेव्हा त्या माणसाला पहिल्यांदा वाटलं असेल की आपल्याला दरोडेखोर न म्हणता कुणी बोलायला आलंय. सरकार तोवर रेनामोला ‘सशस्त्र दरोडेखोर’ असंच म्हणत होतं. जुलै 1990 मध्ये रोमच्या सांतेजिदियो या कॅथलिक संस्थेच्या जुन्या मठात पहिली प्रत्यक्ष भेट झाली. मध्यस्थ चार: आंद्रेया रिकार्दी, मात्तेओ झुप्पी, गोन्साल्विस, आणि इटलीचे राजकारणी मारिओ राफाएल्ली. त्या पहिल्या भेटीनंतरच्या संयुक्त निवेदनात दोन्ही बाजूंनी स्वतःला एकाच मोझांबिकन कुटुंबातले देशबांधव म्हटलं. शब्दच तो, पण ‘दरोडेखोर’ या शब्दाची जागा त्याने घेतली.

तिथून सहीपर्यंत सव्वादोन वर्षं गेली. वाचताना ही वर्षं वाया गेल्यासारखी वाटतात, आणि त्या काळात गावागावांत माणसं मरतच होती, हे विसरून चालणार नाही. मला दोन्ही खरं वाटतं. घाई केली असती तर काही जीव वाचले असते. पण त्या वेळात रानातून आलेली माणसं पक्ष म्हणजे काय, मतदार यादी म्हणजे काय, घटनेतलं कलम कसं वाचायचं हे शिकली. करारात सात प्रोटोकॉल, म्हणजे उपकरार आहेत. तुम्ही चौथा, म्हणजे लष्करी प्रश्नांचा, सावकाश वाचा. सैनिक कुठे जमतील, कोणत्या क्रमाने सुटतील, नव्या सैन्यात कुणाचे किती, हे त्यात बारकाईने लिहिलं आहे. कंटाळवाणा मजकूर आहे, पण करार टिकला तो त्याच्यामुळे.

आता मी जिथे होतो तिथे येतो.

करारात ठरलं होतं की वर्षभरात, म्हणजे ऑक्टोबर 1993 पर्यंत निवडणुका. डिसेंबर 1992 मध्ये सुरक्षा परिषदेने शांतिसेनेला मंजुरी दिली, पण सैनिक प्रत्यक्ष येईपर्यंत 1993 चा निम्मा सरला. शेवटी साधारण साडेसहा हजार सैनिक तैनात झाले. तोवर काय झालं? काहीच नाही, आणि हीच विलक्षण गोष्ट आहे. शांतिसेना नसताना, सैनिकांच्या हातात बंदुका तशाच असताना, मोठी लढाई पुन्हा पेटली नाही. किरकोळ चकमकी झाल्या, काही गावं घेतली-सोडली गेली, एवढंच. कराराने युद्ध थांबवलं हे तुमच्या पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे, पण माझ्या मते त्याहून मोठा वाटा सैनिकांच्या थकव्याचा होता.

संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी आल्दो आयेल्लो यांनी एक निर्णय घेतला, आणि मी त्या निर्णयाला सगळ्यात जास्त श्रेय देतो. त्यांच्या डोळ्यांसमोर अंगोला होता. तिथे सप्टेंबर 1992 च्या अखेरीस, म्हणजे रोमच्या सहीच्या जेमतेम चार-पाच दिवस आधी, मतदान झालं होतं. दोन्ही सैन्यं तेव्हा तशीच शाबूत होती. उनिताचे नेते जोनास साविंबी हरले, त्यांनी निकाल मानला नाही आणि त्यांच्याकडे परत लढायला सैन्य तयार होतं. आयेल्लो यांनी ठरवलं की सैन्य मोकळं झाल्याशिवाय निवडणूक नाही. त्यामुळे निवडणूक वर्षभर पुढे गेली. पैसे देणारे देश कुरकुरले, वर्तमानपत्रं टीका करत होती. पण क्रम बदलला नाही.

30 नोव्हेंबर 1993 ला जमाव छावण्यांची पहिली तुकडी उघडली. एकूण 49 छावण्या होत्या, 29 सरकारी सैनिकांच्या आणि 20 रेनामोच्या. माझ्या वाट्याला दोन रेनामोच्या आणि एक सरकारी आली. काम सांगायला सोपं होतं: सैनिक येतो, बंदूक देतो, नाव सांगतो, फोटो निघतो, ओळखपत्र मिळतं, आणि मग त्याची पाळी येईपर्यंत तो तंबूत राहतो. हे काही आठवड्यांत आटपायचं होतं. त्याला महिने लागले.

पहिली अडचण आकड्यांची. दोन्हीकडचे वरिष्ठ जो आकडा सांगत आणि छावणीत जी डोकी दिसत, त्यांचा मेळ कधी बसला नाही. दुसरी बंदुकांची. रांगेतला सैनिक देतो ती बंदूक गंजलेली, दस्ता मोडलेला, कधी चापही नसलेली. चांगला माल कुठेतरी पुरलेला आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आमच्यातले काही जण यावरून फार अस्वस्थ होते. मीही सुरुवातीला होतो. पुढे मला उमगलं की माणूस अशा वेळी विम्याचा हप्ता भरल्यासारखी चांगली बंदूक मागे ठेवतो, आणि तो हप्ता त्याला परत काढावा लागू नये एवढंच आपण बघायचं. ONUMOZ या संयुक्त राष्ट्रांच्या आमच्या मोहिमेत जवळपास 1 लाख 90 हजार हत्यारं गोळा झाली. न सापडलेली किती राहिली असतील हे कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि ती पुढे वर्षानुवर्षं सापडत राहिली.

तिसरी अडचण मला सगळ्यात शिकवून गेली. छावण्यांत दंगे झाले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, झालं, युद्ध पुन्हा सुरू. पण दंगा करणाऱ्यांची मागणी काय होती? आम्हाला घरी सोडा. मार्च 1994 मध्ये सुटका सुरू झाली तरी नेते मुद्दाम संथ चालत होते, कारण आपला माणूस आधी सुटला तर आपण दुबळे पडू अशी दोघांनाही धास्ती. सैनिकांनी रस्ते अडवले, अधिकाऱ्यांना कोंडलं, गोदामं फोडली. माझ्या एका छावणीत सकाळी कवायतीच्या मैदानावर दीडशे-दोनशे पोरं बसून राहिली आणि त्यांनी सांगितलं की गाड्या येईपर्यंत उठणार नाही. त्यांच्यावर हुकूम चालवणाऱ्या कप्तानालाही आत कुठेतरी तेच हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नव्या संयुक्त सैन्यात 30 हजार सैनिक घ्यायचे ठरलं होतं, निम्मे-निम्मे. प्रत्यक्षात जेमतेम 12 हजार तयार झाले. बाकीच्यांना कुणाच्याच सैन्यात राहायचं नव्हतं. ज्यांना पळवून किंवा पकडून सैनिक केलं होतं, त्यांना संधी मिळताच पाठ फिरवायची होती. ‘सैन्यं मोकळी कशी केली’ असं पुस्तकांत लिहिलेलं असतं, पण मी पाहिलं ते सैन्यं आपणहून सुटत चालली होती आणि नेत्यांना ते रोखता येत नव्हतं.

मात्र ‘घरी जा’ एवढं म्हणून भागत नाही. प्रत्येक सुटलेल्या सैनिकाला एकूण दोन वर्षांचे पैसे मिळायचे होते, सहा महिन्यांचे सरकारकडून आणि अठरा महिन्यांचे देणगीदार देशांकडून. हे पैसे त्याच्या जिल्ह्यातल्या बँक शाखेत, ठराविक काळाने, हप्त्याहप्त्याने मिळायचे. एकरकमी दिले असते तर त्याने ते राजधानीत उडवले असते आणि महिन्याभरात रिकामा, हत्यार वापरायला शिकलेला तरुण मापुतोच्या रस्त्यावर असता. हप्त्यासाठी त्याला गावाजवळ राहावं लागलं, आणि दोन वर्षं गावाजवळ राहिलेला माणूस शेत धरतो, लग्न करतो. तुमच्या प्रबंधात या योजनेला एक पूर्ण प्रकरण द्या. शांततेसाठी ज्या गोष्टी केल्या गेल्या, त्यात हिच्याइतकी स्वस्त आणि परिणामकारक दुसरी मला दिसत नाही.

या नोंदणीतली एक आठवण सांगतो. रेनामोच्या छावणीत एक मुलगा आला. वय त्याला नक्की माहीत नव्हतं, वीसएक असावं. अर्जावर ‘कुठल्या जिल्ह्यात जायचं’ हा रकाना होता. त्याला लहानपणीच उचलून नेलं होतं. बापाचं पहिलं नाव आठवत होतं, आणि गावाजवळून एक नदी जाते हे आठवत होतं. गावाचं नाव नाही. मला पोर्तुगीज मोडकंतोडकंच यायचं, स्थानिक बोली तर नाहीच. त्या वेळी आमच्याकडे दुभाष्याचं काम करायला एक म्हातारे गृहस्थ होते, मूळचे बार्देशचे, आयुष्य बेइराच्या रेल्वेत काढलेले. माझ्याशी ते कोकणीत बोलायचे, मी मालवणी मिसळून उत्तर द्यायचो, आणि दोघांचं छान जमायचं. त्यांनी त्या मुलाशी अर्धा-पाऊण तास गप्पा मारल्या, तो कोणत्या शब्दांना काय म्हणतो ते ऐकलं, आणि म्हणाले, हा पुंग्वे नदीच्या वरच्या अंगाचा आहे. तोच जिल्हा लिहिला. गाव सापडलं की नाही हे मला कळलं नाही. अशी हजारो मुलं होती.

आता नेत्याकडे. ध्लाकामा यांना भीती होती की रान सोडलं की आपण कुणीच उरणार नाही, आणि ती भीती खोटी नव्हती. रेनामोकडे मापुतोत कार्यालय नव्हतं, गाड्या नव्हत्या, फोन नव्हते, शिकलेली माणसं मोजकी. इटलीच्या पुढाकाराने एक निधी उभा राहिला आणि त्यातून दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम रेनामोला पक्ष म्हणून उभं राहायला दिली गेली. घरं, कचेऱ्या, गाड्या, अगदी कपडेही त्यातून आले. त्याआधी लोनरो कंपनीचे टायनी रोलँड यांनीही ध्लाकामांना विमानं आणि पैसा पुरवून वाटाघाटींपर्यंत आणलं होतं. हे वाचून तुम्हाला चीड येईल. ओमोइनेच्या बायकापोरांना मारणाऱ्या संघटनेला बंगले? मलाही आली होती. आजही ती पूर्ण गेलेली नाही. पण ज्याला रानात राजा होता येतं त्याला शहरात भिकारी होऊन यायला सांगितलं तर तो येत नाही, आणि त्याची किंमत बंगल्यात राहणारे मोजत नाहीत, शेतकरी मोजतात. साविंबींना असा दरवाजा कुणी उघडून दाखवला नाही, आणि हिरे असल्यामुळे त्यांना तो लागलाही नाही. फेब्रुवारी 2002 मध्ये ते लढाईत मारले गेले आणि त्यानंतर सहा आठवड्यांत अंगोलाचा युद्धविराम झाला. तिथे तुमचं ‘कुणीतरी हरल्याशिवाय संपत नाही’ हे म्हणणं खरं ठरलं.

27 ऑक्टोबर 1994 ला मतदान सुरू झालं. आदल्या रात्रीच ध्लाकामांनी घोटाळ्याचा आरोप करत बहिष्कार जाहीर केला होता. तो दिवस मला आयुष्यभर पुरेल. मतदान केंद्रांवर मात्र रेनामोचेच लोक पहाटेपासून रांगेत उभे होते. बाया पाठीला मूल बांधून उन्हात थांबल्या होत्या. परदेशी सरकारांचा, शेजारी राष्ट्रप्रमुखांचा दबाव तर आलाच, पण स्वतःच्याच माणसांनी मत दिल्यावर बहिष्काराला अर्थ उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मागे घेतला, मतदान एक दिवस वाढवलं गेलं. नोंदलेल्या मतदारांपैकी 85 टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. चिसानो यांना 53 टक्के, ध्लाकामांना जवळपास 34 टक्के. संसदेच्या 250 जागांपैकी फ्रेलिमोला 129, रेनामोला 112. सोफाला, झांबेझिया, नाम्पुला अशा मोठ्या प्रांतांत रेनामो पुढे होती. आधी ज्यांना दरोडेखोर म्हणत होते त्यांना देशाच्या निम्म्या भागाने मत दिलं, याचा धक्का मापुतोतल्या सुशिक्षितांना फार बसला.

गुन्ह्यांचं काय झालं, असंही तुम्ही विचारलंत. काही झालं नाही. सहीनंतर दहा दिवसांतच सर्वांना माफी देणारा कायदा आला. दक्षिण आफ्रिकेसारखा सत्यशोधन आयोग बसला नाही, खटले झाले नाहीत. सरकारी पातळीवर मौन. गावांनी मात्र आपली रीत काढली. परत आलेल्या सैनिकाला घरात घेण्याआधी कुरांदेइरो, म्हणजे तिथला वैदू, त्याला झाडपाल्याच्या पाण्याने अंघोळ घाली, मारलेल्यांचे आत्मे त्याच्यामागे येऊ नयेत म्हणून विधी करी. जुने कपडे काही ठिकाणी जाळून टाकत. त्यानंतर त्याने काय केलं हे विचारायचं नाही, असा अलिखित नियम. आपल्याकडेही मौतीहून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात येत नाहीत, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. पण या मौनाचं ओझं बायकांवर पडलं. ज्यांना पळवून नेऊन सैनिकांच्या बायका केलं होतं, त्यांना ना हप्ता मिळाला, ना विधी, ना कुणी त्यांची नोंद ठेवली. छावण्यांच्या कुंपणाबाहेर त्या लेकरांसह बसलेल्या असत. आमच्या अर्जांत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. आणि शांतिसेनेतल्याच काही सैनिकांनी कोवळ्या मुलींचं शोषण केलं, हेही नोंदवलं गेलं आहे. शांततेच्या यशोगाथेत ही पानं गाळू नका, अशी माझी तुम्हाला विनंती आहे.

राहिला शेवटचा भाग: मग ती यादवी खरंच संपली का? मलावीसह शेजारी देशांतून सुमारे 17 लाख निर्वासित परतले, जमिनीत पेरलेले सुरुंग काढायला 2015 उजाडलं. पण फ्रेलिमोने सत्ता वाटून घेतली नाही. प्रांतांचे गव्हर्नर मापुतोतूनच नेमले जात राहिले, अगदी रेनामो जिथे जिंकत होती तिथेही, आणि 2004 आणि 2009 च्या निवडणुकांत रेनामोच्या जागा घटत गेल्या. ध्लाकामांनी स्वतःचे काही सशस्त्र रक्षक कायम ठेवले होते. 2013 मध्ये त्यांच्या गोरोंगोझातल्या तळावर सैन्याने हल्ला केला आणि रेनामोने 1992 चा करार संपल्याचं जाहीर केलं. मध्य मोझांबिकमध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. ध्लाकामा मे 2018 मध्ये रानातच आजारपणाने गेले. ऑगस्ट 2019 मध्ये अध्यक्ष न्यूसी आणि रेनामोचे ओसुफो मोमाडे यांनी मापुतोत नवा करार केला. गव्हर्नर निवडून येण्याची तरतूद त्याआधीच घटनेत आली होती. उत्तरेतल्या काबो देलगादो प्रांतात 2017 मध्ये सुरू झालेली इस्लामी बंडखोरी हे निराळं प्रकरण आहे, ते यात मिसळू नका.

तर थोडक्यात माझं म्हणणं. भूक आणि पाठीराख्यांची माघार यांनी दोघांना टेबलापाशी आणलं. सव्वादोन वर्षांच्या बोलण्यांनी त्यांना एकमेकांशी बोलायला शिकवलं. आधी सैन्य मोकळं, मग मतदान, या क्रमाने हरणाऱ्याच्या हातातून परत लढायचं साधन गेलं. सैनिकाला गावात हप्ता आणि नेत्याला शहरात घर मिळालं. आणि जे वाटून घ्यायचं राहिलं, सत्ता, त्याने वीस वर्षांनी पुन्हा तोंड वर काढलं.

प्रबंधासाठी एक सुचवतो. तारीख म्हणून 4 ऑक्टोबर 1992 घ्या, तो तिथे राष्ट्रीय सुट्टीचा शांतता दिवस आहे. पण शेवटचं प्रकरण जून 2023 वर न्या. त्या महिन्यात गोरोंगोझा जिल्ह्यात, वुंदुझी इथे, रेनामोचा उरलेला शेवटचा तळ बंद झाला. 2019 च्या करारानंतर पाच हजारांहून अधिक माणसांनी हत्यारं ठेवली, आणि त्यातले बरेच पन्नाशी-साठीचे होते, म्हणजे माझ्या छावणीतल्या पोरांच्याच वयाचे. त्यांची मुख्य मागणी पेन्शनची होती. ती कुणाला, कशी आणि कधी मिळाली, हे शोधा. रोम कराराच्या चौथ्या प्रोटोकॉलशी ते ताडून बघितलंत तर तुमच्या प्रश्नाचं माझ्यापेक्षा नेमकं उत्तर तुम्हीच लिहाल.